हौसाबाईच्या मनगटावरचे डाग

बाई ओसरीवर चढेना.

“वर या ना, बसा,” मी दोनदा म्हणालो.

“मी हितंच बरी हाय, सायेब,” ती अंगणातून म्हणाली. फडक्यात गुंडाळलेला एक कागद तिने पायरीवर ठेवला आणि चार पावलं मागे सरली. मला तो उचलता यावा म्हणून.

मी तो उचलला नाही. तिचा भाऊ दत्तू आधीच आत येऊन हलक्या आवाजात सांगून गेला होता, “सायेब, भनीवर नवऱ्यानं दावा लावलाय. तिला महारोग हाय, म्हनून काडीमोड पायजे म्हनतोय.” महारोग हा शब्द ऐकल्यापासून माझे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. वकिली सुरू करून मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. कायदा थोडाफार येत होता. बाकी सगळं यायचं होतं.

आतून माझे सीनिअर आले. साताऱ्याच्या कोर्टात सगळे त्यांना नानासाहेब म्हणत. ते सरळ पायऱ्या उतरले, कागद उचलला आणि उभ्या उभ्या वाचला. मग म्हणाले, “बाई, वर चला. उन्हात उभं राहून मला काही ऐकू येत नाही.”

ती आली, पण भिंतीला टेकून बसली नाही. वकीलपत्रावर तिचा अंगठा घ्यायचा होता. वकीलपत्र म्हणजे ‘माझ्या वतीने हे वकील बोलतील’ असं पक्षकाराने लिहून दिलेला कागद. मी शाईची गादी तिच्यासमोर सरकवली आणि बाजूला झालो. नानासाहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिचा अंगठा आपल्या बोटांत धरला, गादीवर टेकवला, कागदावर दाबला. ती आपल्या हाताकडे बघत राहिली.

“पाच वर्सं झाली,” ती म्हणाली, “कुनी हात धरला न्हवता माजा.”

बाईचं नाव हौसाबाई. वय सव्वीस-सत्तावीस. माहेर सांगलीजवळचं, सासर कोरेगावकडचं. नवरा मारुती लढाईच्या काळात फौजेत होता. एकदा रजेवर आला तेव्हा बायकोच्या उजव्या मनगटावर पांढरे डाग त्याच्या नजरेला पडले. सासूने ‘महारोग’ म्हटलं. दोन वर्षांची मुलगी शेवंता, तिला आईच्या मांडीवरून उचललं आणि हौसाबाईला बैलगाडीत बसवून माहेरी पाठवलं. भावाने घरात घेतलं, पण तिची भाकरी वेगळी, गाडगं वेगळं, अंथरूण गोठ्याकडेला. ती त्याच्या रानातली हळद शिजवायची, वाळवायची. मुलगी आता सात वर्षांची झाली होती. पाच वर्षांत एकदाही भेट नव्हती.

पाच वर्षं गप्प बसलेला नवरा आताच कोर्टात का आला, असा प्रश्न वाचकाला पडेल. पूर्वी अशा माणसाला कोर्टाची गरजच नसायची. पहिली राहिली माहेरी, दुसरी आणली, संपलं. पण आमच्या मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि एक बायको असताना दुसरी करायला बंदी आली. त्याच सुमाराला हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदाही आला. त्यात ठरावीक कारणं दिली होती. एक कारण महारोग. मारुतीला दुसरं लग्न करायचं होतं, म्हणून त्याने ते कारण उचललं. आम्हा वकिलांना हा कायदा नवाच होता. कोर्टालाही नवा होता.

नानासाहेबांनी हौसाबाईला विचारलं, “तुम्हाला काय पाहिजे? नांदायला जायचंय, की मोकळं व्हायचंय?”

ती म्हणाली, “मला त्यो रोग हाय का न्हाई, येवढं कोर्टानं सांगावं. असंल तर असंल म्हनून सांगा, मी रडनार न्हाई. पर बघून सांगा. आजपातुर कुनी हात लावून बघितलंच न्हाई, सायेब. समद्यांनी लांबनंच सांगितलं.”

ती गेल्यावर मी कैफियतीचा मसुदा करायला बसलो. कैफियत म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर. पहिलंच वाक्य लिहिलं : ‘प्रतिवादीस कोणताही रोग नाही.’

नानासाहेबांनी ते वाचलं. “हे तुला कुणी सांगितलं?”

“असं म्हणायलाच पाहिजे ना आपण?”

“उद्या कोर्टाने डॉक्टर नेमला आणि रोग निघाला तर? तिला सांगलीला घेऊन जा. बघून ये. मग लिही.”

“मी?”

“मग काय, मी जाऊ? आणि हे बघ, गाडीत तिच्या शेजारी बस.”

सांगलीला डॉक्टर चौगुले होते. ते जैन, तिथलेच. महारोग्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम करून मग त्यांनी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली होती. मी मिरजेच्या गाडीने निघालो. परत येताना कैफियतीवर अंगठा द्यायला हौसाबाई सोबत असणार होती, त्या शेजारी बसण्याची चिंता मी आतापासूनच करत होतो. दत्तू तिला घेऊन परस्पर दवाखान्यात आला. हंगाम हळदीचा होता. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे.

“आधी हे धुवा,” डॉक्टर म्हणाले. साबणाने दोन-तीनदा धुतल्यावर डाग दिसले. मनगटावर चार, मानेच्या मागे एक. दुधासारखे पांढरे, कडा स्वच्छ. डॉक्टरांनी भिंग काढलं, तिचं मनगट खिडकीकडे वळवलं आणि बराच वेळ बघत बसले. मग कापसाची वात वळली.

“डोळे मिटा, बाई. मी कुठं हात लावला की तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं.”

त्यांनी वातीचं टोक एका डागावर टेकवलं, न टेकवल्यासारखंच. हौसाबाईचं बोट तिथेच आलं. दुसरा डाग. पुन्हा तिथेच. मग कोपराजवळची नस चाचपली, गरम आणि गार पाण्याच्या नळ्या लावून पाहिल्या. तिने सगळं बरोबर सांगितलं.

“वकीलसाहेब, या इकडं,” डॉक्टरांनी मला बोलावलं. मी दाराशी उभा होतो. “महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. तिथली जाणीव मेलेली असते. हिची जिवंत आहे. आणि हे केस बघा, डागावरचे केस पांढरे झालेत. हे कोड. कातडीचा रंग गेला, एवढंच. ना दुखतं, ना कुणाला लागतं.”

हौसाबाईने डोळे उघडले. “म्हंजी मला महारोग न्हाई?”

“नाही.”

ती उठली, खिडकीशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. दत्तू खाली मान घालून फरशीकडे बघत होता. त्याच्या गोठ्याकडेचं अंथरूण त्याला आठवत असावं.

डॉक्टर मला म्हणाले, “आणखी एक सांगतो. महारोग असता तरी हिला घराबाहेर काढायचं कारण नव्हतं. हे हात बघा माझे. किती वर्षं त्या रोग्यांच्या जखमा बांधल्या. आता त्याच्यावर गोळ्याही निघाल्यात. लोकांना रोगापेक्षा शब्दाची भीती जास्त.”

परतीच्या गाडीत मी हौसाबाईच्या शेजारी बसलो. त्यात माझा काही पराक्रम नव्हता. डॉक्टरांनी सांगितल्यावर बसलो.

आता खटला सोपा आहे, असं मला वाटलं. तसं नव्हतं. मारुतीने दाव्याबरोबर त्याच्या गावच्या वैद्यबुवांचा दाखला जोडला होता. त्याच्या सोबत इंग्रजी भाषांतर, आणि त्यात सरळ ‘लेप्रसी’ असा शब्द. वैद्यबुवा सत्तरीचे, पंचक्रोशीत मान असलेले. ते स्वतः साक्षीला येणार होते. माझा तर्क असा, की म्हातारा फितवलेला असणार. मी रात्रंदिवस त्याच्या उलटतपासणीची तयारी केली. उलटतपासणी म्हणजे समोरच्याच्या साक्षीदाराला आपण प्रश्न विचारून त्याचं म्हणणं पारखून घेणं. मला मात्र ते त्याला उघडं पाडणं वाटत होतं.

“मी घेतो त्यांना,” मी नानासाहेबांना म्हणालो.

“घे. मी मागे बसतो.”

तारखेला कोर्ट भरलेलं. आधी मारुतीची साक्ष झाली. उंच, सरळ पाठीचा माणूस, फौजेतल्यासारखा ताठ उभा. मी विचारलं, “बायकोला कुठल्या डॉक्टरला दाखवलंत?”

“न्हाई दाखवलं.”

“मग महारोग आहे हे कळलं कसं?”

“आई म्हनली.”

“आई डॉक्टर आहे?”

कोर्टात हसू फुटलं. जज्जसाहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली. मी खूश झालो आणि त्याच तोऱ्यात वैद्यबुवांकडे वळलो.

“वैद्यबुवा, हा दाखला तुम्ही मारुतीच्या सांगण्यावरून लिहिलात?”

“ती माहेरी गेली त्या दिवशी मी तिचे चट्टे पाहिले होते. त्यावरून लिहिला.”

“तुमच्याकडे कुठल्या कॉलेजची पदवी आहे?”

“पदवी नाही. वडिलांकडे शिकलो.”

“म्हणजे शिक्षण नाही?”

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. “माझ्या औषधाने तुमच्या या कोर्टातले निम्मे लोक बरे झालेत. एकही खोटा दाखला मी जन्मात लिहिला नाही.” लोकांत कुजबुज झाली. ती माझ्या बाजूची नव्हती. जज्जसाहेब म्हणाले, “वकीलसाहेब, साक्षीदाराचा मान ठेवून विचारा.”

मी आणखी दोन प्रश्न विचारले. दोन्ही उत्तरांनी म्हाताऱ्याची साक्ष पक्की होत गेली. तेवढ्यात मागून कोटाला ओढ बसली. नानासाहेबांनी एक चिठ्ठी पुढे केली होती. तिच्यावर दोनच शब्द : ‘मूळ वाच.’

मी भाषांतरच पाठ केलं होतं. मूळ मराठी दाखला नीट वाचलाच नव्हता. उभ्या उभ्या वाचला. त्यात लिहिलं होतं, ‘हौसाबाई हिचे उजवे मनगटावर व मानेवर श्वेतकुष्ठाचे चट्टे आहेत.’

मी आवाज खाली आणला. “वैद्यबुवा, माझं चुकलं, माफ करा. मला वैद्यकातलं कळत नाही, म्हणून विचारतो. महारोगाला तुम्ही काय म्हणता?”

“रक्तपिती म्हणतात लोक. बोटं झडतात, नाक बसतं.”

“आणि श्वेतकुष्ठ?”

“कोड.”

“दोन्ही एकच?”

“छे! कोण म्हणतं?”

“हे इंग्रजी भाषांतर म्हणतं. यात तुमच्या नावावर ‘महारोग’ घातलाय.”

वैद्यबुवांनी तो कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तरी डोळ्यांजवळ धरून पाहिला. ‘कुष्ठ’ या एका शब्दाने सगळा घोळ केला होता. भाषांतर करणाऱ्याने शब्द बघितला आणि ठोकून दिलं. पुढे वादीच्या वकिलांनी त्या इंग्रजीवरून दावा लिहिला.

“तुम्ही हिला काय औषध दिलंत?” मी विचारलं.

“बावचीच्या बियांचा लेप. आणि सकाळच्या उन्हात बसायला सांगितलं.”

“घराबाहेर काढा म्हणून सांगितलंत?”

वैद्यबुवांनी उत्तर मला दिलंच नाही. ते मारुतीकडे वळले. “आरं मारुती, मी तुला लेप दिला होता रं! पोरीला घालवून दे म्हणून कवा सांगितलं? माझ्या कागदावर हे काय करून ठिवलंस?”

कोर्टाचे शिरस्तेदार ‘साक्षीदाराने कोर्टाकडे बघून बोलावे’ म्हणाले. जज्जसाहेब म्हणाले, “असू द्या. लिहून घ्या.”

नंतर आमच्या बाजूने डॉक्टर चौगुले आले. जज्जसाहेबांनी बाहेरच्या लोकांना बाहेर काढलं, दार लोटून घेतलं. डॉक्टरांनी सांगलीसारखीच कापसाची वात वळली आणि हौसाबाईचं बोट दर वेळी बरोबर जागी आलं. समोरचे वकील उठले. अनुभवी माणूस, पण दिवस त्यांचा नव्हता. म्हणाले, “महाराज, बाईला आधी शिकवून आणलेलं असू शकतं.”

डॉक्टरांनी वात त्यांच्यापुढे धरली. “तुम्ही करा.”

ते क्षणभर थबकले. मला त्यांच्या जागी मी दिसलो. पण ते पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती वात मानेमागच्या डागावर टेकवली. तो डाग हौसाबाईला स्वतःला कधी दिसलाच नव्हता. तिचं बोट थेट तिथे गेलं.

“हितं,” ती म्हणाली.

वकील जागेवर येऊन बसले.

दावा फेटाळला गेला. निकालात स्वच्छ लिहिलं होतं की प्रतिवादीस महारोग नाही व कधी नव्हता. मी ते मराठीत लिहून हौसाबाईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा दत्तूने वाचलं, मोठ्याने, कोर्टाच्या आवारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं.

तेवढ्यात मारुती आला. बरोबर गावचे दोन वडीलधारे. फेटा हातात.

“झालं गेलं इसरून जा,” तो तिला म्हणाला. “चल घरी. शेवंता हाय घरात.”

मी मनातल्या मनात फाइल बंद केली. दत्तूही म्हणाला, “जा आक्का. नाव निघालं तुजं. आता नांद.”

हौसाबाईने नवऱ्याकडे सरळ पाहिलं. “कोर्टानं सांगितलं तवा न्यायला आलास. पाच वर्सं मी रोगी का निरोगी, येकदा तरी यिऊन बघितलंस? उद्या पायावर डाग उठला की फिरून बैलगाडी जुपशील.”

“तसं न्हाई गं...”

“तसंच हाय. मी येत न्हाई.” मग ती नानासाहेबांकडे वळली. “सायेब, त्या कायद्यानं ह्यो मला सोडनार हुता. त्योच कायदा मला चालतो का?”

नानासाहेब हसले. मी त्यांना कोर्टाच्या आवारात हसताना फारसं पाहिलेलं नाही. “चालतो,” ते म्हणाले.

त्या कायद्यात आणखी एक कारण होतं. जोडीदाराने योग्य कारणाशिवाय सलग चार वर्षं टाकून दिलं, तर घटस्फोट मागता येई. आम्ही हौसाबाईच्या वतीने तसा दावा लावला आणि शेवंताचा ताबा मिळावा म्हणून वेगळा अर्ज केला. बाईने स्वतः नवऱ्याविरुद्ध घटस्फोट मागणं आमच्या कोर्टात नवलाचं होतं. बाररूममध्ये माझी थट्टा झाली. तिच्या भावकीतले लोक दत्तूला बोल लावून गेले. दत्तू नमला नाही. त्याने बहिणीचं अंथरूण गोठ्याकडून घरात आणलं होतं, आणि आता तो मागे हटणार नव्हता.

मारुतीने कैफियत दिली : ‘मी टाकले नाही. ती स्वतःच्या मर्जीने माहेरी गेली. मी वेळोवेळी बोलावणी पाठवली.’ बैलगाडी हाकणारा मरून गेला होता. गाडीत बसवताना पाहिलेले लोक मारुतीच्या वाड्या-वस्तीतले, ते आमच्यासाठी बोलायला तयार नव्हते. टाकून दिलं हे सिद्ध कसं करायचं? मी आठवडाभर साक्षीदार शोधत फिरलो. कुणी मिळेना.

मग मूळ वाचायची एकदा लागलेली सवय कामी आली. मी जुन्या, फेटाळलेल्या दाव्याची नक्कल कोर्टातून काढली आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेलो. चौथा परिच्छेद मारुतीच्या वकिलांनी मोठ्या जोरात लिहिला होता. रोगाची केवढी धास्ती घेतली होती ते दाखवायला त्यांनी लिहिलं होतं : ‘वादीने प्रतिवादीस त्याच दिवशी घराबाहेर काढून माहेरी पोहोचविले व तेव्हापासून आजतागायत तिच्याशी कोणताही संबंध ठेविलेला नाही, अथवा बोलावणे पाठविलेले नाही.’ खाली मारुतीची सही. सहीखाली प्रतिज्ञा की वरील मजकूर खरा आहे.

साक्षीच्या पिंजऱ्यात मी तो कागद त्याच्या हातात दिला.

“ही सही तुमची?”

“व्हय.”

“चौथा परिच्छेद मोठ्याने वाचा.”

त्याने वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबला. जज्जसाहेब म्हणाले, “पुढे वाचा.” त्याने पुढे वाचलं.

“हे खरं, की आजची कैफियत खरी?”

मारुतीने कागद कठड्यावर ठेवला आणि म्हणाला, “ह्ये खरं हाय. मी घालवली तिला. आईचं ऐकलं. बघायला पायजे हुतं, न्हाई बघितलं.” असा साक्षीदार क्वचित मिळतो. मला त्या दिवशी त्याच्याविषयी पहिल्यांदा बरं वाटलं.

घटस्फोट मंजूर झाला. मुलीच्या अर्जात भांडण पुढे चाललं नाही. मारुतीने लिहून दिलं की शेवंता आईकडे राहील. मुलगी सुरुवातीला आईकडे जाईना. तिला ही बाई परकी होती, आणि ‘हात लावू नको’ एवढंच तिला शिकवलेलं होतं. पहिले काही दिवस ती मामीजवळच बसून असायची. दिवाळीच्या सुमाराला दत्तू एका कामासाठी साताऱ्यात आला. मी मुलीचं विचारलं.

“आता काय सांगू, सायेब,” तो म्हणाला. “आईबिगर येनी घालून घेत न्हाई. लय हट्टी हाय, आईवानी.”

पुढे मारुतीच्या वकिलांची आणि माझी बाररूममध्ये गाठ पडली. चहा घेता घेता ते म्हणाले, “तो चौथा परिच्छेद मीच रचला होता हो. त्या वेळी फार जोरदार वाटला होता.”

“जोरदारच होता,” मी म्हणालो.

तेव्हापासून मी कुठलाही दावा दाखल करण्याआधी एक काम करतो. कागद टेबलाच्या पलीकडे ठेवतो, उठून पक्षकाराच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि आपण समोरच्याचे वकील आहोत असं समजून तो पहिल्यापासून वाचतो. बहुतेक वेळा निदान एक परिच्छेद खोडावा लागतो.